नक्षी दोनदा येत नाही: स्टेन्ड ग्लासच्या सामानात लागलेला चुना

स्टेन्ड ग्लासचं, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे धातूने सांधण्याच्या छंदाचं, वापरलेलं सामान घरबसल्या मागवलं आणि फसवणूक झाली. ठरलेली रक्कम १०० धरा. त्यातले ४० आगाऊ गेले, ६० माल निघण्याआधी, मग ८ ‘लाकडी खोक्याचे’ आणि १२ ‘शिसं असल्यामुळे धोकादायक मालाच्या परवान्याचे’. एकूण १२०. लाकडी खोका आलाच नाही, पुठ्ठ्याचा आला. परवान्याची थाप तर इतकी कच्ची होती की आता स्वतःचीच चीड येते. वाहतुकीत अडतो तो झिंक क्लोराइडचा द्रव फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून सांध्याला लावायचं रसायन), कारण तो धातू खातो. सोल्डरच्या, म्हणजे सांधे जोडणाऱ्या कथील-शिशाच्या, घन तारेला कोणी हटकत नाही. हे माहीत असूनही १२ दिले, कारण तोवर १०८ अडकले होते.

बनाव नेहमीचाच. छंद सोडणारा माणूस, नजर अधू झालेली, अख्खी कार्यशाळा एकगठ्ठा द्यायची आहे, भाव नव्या मालाच्या ५५ टक्के. २० टक्के म्हणाला असता तर संशय आला असता. ५५ हा आकडा पोचलेल्या माणसाने काढलेला आहे. यादीत ३० बाय ३० सेंटीमीटरच्या, ३ मिलिमीटर जाडीच्या २४ काचा: १४ ढगाळ नक्षीच्या ओपलेसंट, १० एकरंगी पारदर्शक कॅथीड्रल. ६०/४० सोल्डरची ४५४ ग्रॅमची ५ रिळं, ७/३२ इंची कॉपर फॉइलचे (काचेच्या कडेला चिकटवायच्या तांब्याच्या पट्टीचे) १२ रोल, सोल्डर वितळवायला १०० वॉटचं तापमान बदलता येणारं सोल्डरिंग आयर्न, काचेच्या कडा घासायला एक ग्राइंडर, काच कापायला एक तेलाचा कटर. वर गोष्ट अशी, की काचा बंद पडलेल्या कारखान्याच्या जुन्या साठ्यातल्या आहेत. आता यात खोटं वाटण्यासारखं काय होतं? २०१६ मध्ये अमेरिकेतल्या स्पेक्ट्रम ग्लास या रंगीत काच बनवणाऱ्या कंपनीने उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून जुना साठा सांभाळणारे आणि विकणारे लोक खरोखरच आहेत. खऱ्या गोष्टीच्या आडोशाला खोटी गोष्ट ठेवली की ती खपते.

आता तो क्षण, ज्याच्यावरून अजून झोप उडते. फोटोत पाच ओपलेसंट काचा उन्हासमोर ओळीने उभ्या होत्या. निळ्यात पांढरा धूर, सुरेख. दुसऱ्या आणि चौथ्या काचेच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्याचा एकसारखा आकडा, माशाच्या गळासारखा, टोकाशी दोन बारीक फाटे फुटलेला. दोन्हीकडे तोच. ओपलेसंट काच बनते ती दोन किंवा जास्त रंगांचा वितळलेला रस ढवळून रुळांमधून काढल्यावर. त्यात एकच वळण दोनदा येऊच शकत नाही, शेजारशेजारच्या तुकड्यांतसुद्धा नाही. एकच वळण दोनदा दिसलं म्हणजे ती काच नव्हे, छपाई. फोटो अकरा वेळा मोठा करून पाहिला, रंगासाठी! कोपरा नजरेसमोरून अकरा वेळा गेला. काचेतलं काही कळत नसतं तर एक वेळ चाललं असतं.

बचाव म्हणून एवढंच सांगता येईल, की उन्हासमोर धरलेली, लाखेने रंगवलेली साधी काच आणि खरी काच पडद्यावर सारख्याच झळाळतात. मागून उजेड टाकलेल्या फोटोवर विसंबू नका. पांढऱ्या कागदावर आडवी ठेवून, वरून उजेड घेऊन फोटो मागवा. आणि कडा दाखवायला सांगा. या काचांच्या चारही कडांना ‘हात कापू नये म्हणून’ चिकटपट्टी होती. ती काढल्यावर सगळं उघडं पडलं: निळी, लाल, जांभळी, सगळ्यांची कड हिरवट. साध्या खिडकीच्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे तिची कड अशी दिसते. अंगातून रंगीत असलेल्या काचेची कड त्याच रंगाची, उलट जास्त गडद दिसते.

१४ ओपलेसंट म्हणजे २ मिलिमीटरच्या साध्या काचेवर छापील फिल्म. उलट्या बाजूने कटरची रेघ मारली, रेघेवर काच तोडायचा रनिंग प्लायर लावला, काच नीट तडकली, पण तुकडे सुटले नाहीत. पुस्तकासारखे उघडले-मिटले, मध्ये फिल्मचा सांधा. ९ कॅथीड्रल लाखेने रंगवलेल्या. कापसावर अ‍ॅसिटोन घेऊन अर्धा मिनिट चोळलं की कापूस लाल आणि काच बिनरंगी. अशा काचेवर फॉइल चिकटतं ते लाखेला, काचेला नाही. ग्राइंडरच्या पाण्याने कडेची लाख सुटते, आयर्नच्या उष्णतेने तिला फोड येतात, आणि फॉइल सालीसारखं निघून येतं. एक मात्र ध्यानात ठेवा: फ्लॅश्ड ग्लासमध्येही पारदर्शक काचेवर रंगाचा पातळ थर असतो आणि ती अस्सल असते. तिचा थर काचेचाच, अ‍ॅसिटोनला दाद देत नाही. कड पाहून उगाच चांगल्या विक्रेत्याला चोर ठरवू नका. आधी अ‍ॅसिटोन.

उरलेली १ काच खरी होती, मधाच्या रंगाची. ती गठ्ठ्यात सगळ्यात वर होती, हे वेगळं सांगायला नको.

वजनाचा हिशेब दारातच करता आला असता. काचेची घनता साधारण २.५. ३० बाय ३० ची ३ मिलिमीटर काच ६७५ ग्रॅम भरते, २४ काचा १६.२ किलो. काचांच्या खोक्याच्या पावतीवर लिहिलं होतं ११.६ किलो, तेही वेष्टनासकट. २ मिलिमीटरच्या २४ काचा १०.८ किलो होतात, वर ८०० ग्रॅम पुठ्ठा आणि कागद. चोख. पावतीवर सही करण्याआधी ही दोन ओळींची आकडेमोड करा. वजन आधीच विचारून घ्या.

सोल्डरची चोरी जास्त लबाड, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ४५४ ग्रॅम भरलं ते प्लास्टिकच्या रिळासकट. रीळ ३८ ग्रॅमचं, म्हणजे तार ४१६. पाच रिळांत १९० ग्रॅम कमी. पण खरा घाला मिश्रणावर. ६०/४० म्हणजे ६० कथील, ४० शिसं. ते १८३ अंशांना मऊ होऊ लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण वाहतं. हे निघालं उलटं, ४० कथील आणि ६० शिसं. तेही १८३ लाच मऊ होतं, पण पूर्ण वितळायला २३८ च्या आसपास जावं लागतं. मधल्या ५५ अंशांत ते लापशीसारखं राहतं. सांध्यावर गोल, चकचकीत कणा उभा राहत नाही. शेंडे निघतात, पृष्ठभाग राखाडी आणि दाणेदार होतो. माणूस आपल्या हातालाच दोष देतो, आयर्न वाढवतो, तेवढ्याच जागी पुन्हा पुन्हा फिरवतो, आणि कडेपासून काच तडकते. नवशिके इथेच छंद सोडतात.

तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्य करा. बरोबर १०० ग्रॅम सोल्डर दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा दाखवेल तो आकडा म्हणजे बाजूला सारलेलं पाणी. ६०/४० असेल तर ११.८ च्या आसपास, ५०/५० असेल तर ११.३, आणि ४०/६० असेल तर १०.८. तारेला चिकटलेले बुडबुडे झटका, नाहीतर आकडा फुगतो. इथे पाचही रिळांचा आकडा १०.८ आला. अशी तार हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. ते ६०/४० लाही लागू आहेच, इथे शिसं दीडपट.

फॉइल ३६ यार्ड, म्हणजे सुमारे ३३ मीटर असायला हवं, निघालं २१. आतली पुठ्ठ्याची चकती मोठी करून बाहेरचा घेर तेवढाच ठेवलेला. १२ रोलमध्ये १४४ मीटर गायब. त्यातले ३ रोल तर तांबंच नव्हते, तांबूस प्लास्टिकची पट्टी. आयर्न टेकताच आक्रसली. आयर्न १०० वॉटचं म्हणून दिलेलं, मीटरवर ३८. आठ-दहा सेंटीमीटर सांधा ओढला की टोक थंड पडून सोल्डरमध्येच चिकटतं, आणि तापमानाचं बटण नुसतं फिरतं, आत कशालाच जोडलेलं नाही. ग्राइंडरचा डायमंड बिट चार तुकड्यांत गुळगुळीत. कटर बरा होता. एवढंच.

आता न्याय देणाऱ्यांचं. पैसे पोचवणाऱ्या कंपनीने सांगितलं, माल पोहोचला, व्यवहार पूर्ण, तक्रार बंद. कुरिअरवाल्यांनी सांगितलं, खोका फुटलेला नाही, आमची जबाबदारी संपली. पोलिसांत विचारलं गेलं, “काच मागवली होती ना? काच आली ना? रंगीत आहे ना?” तीनही उत्तरं ‘हो’, मग हा दिवाणी वाद. बँकेचं म्हणणं, कोड तुम्हीच टाकलात. तक्रारीच्या अर्जात प्रकार निवडायला ‘भांडी’, ‘गृहसजावट’ आणि ‘इतर’. ‘इतर’ निवडलं की अर्ज पुढे जात नाही. म्हणून स्टेन्ड ग्लासची फसवणूक आज ‘गृहसजावट’ खात्यात पडून आहे. विक्रीच्या मंचाने तर कमाल केली. माल खोटा असल्याचा पुरावा द्या, म्हणाले. काच कापून, अ‍ॅसिटोनने पुसून व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, परत करायची वस्तू मूळ स्थितीत हवी, आपण ती फोडली आहे. न फोडलेल्या २० काचा परत घ्या म्हटलं, तर त्या खोट्या असल्याचा पुरावा कुठे आहे? मग तज्ज्ञाचा दाखला मागितला. दाखला कोणी द्यायचा, तर ‘मान्यताप्राप्त’ माणसाने. मान्यता कोण देतं, हे विचारल्याला सात आठवडे झाले. तीन वेगवेगळे तक्रार क्रमांक मिळाले, तिन्हींची स्थिती ‘निकाली’. विक्रेत्याचं खातं मात्र सुरू. तोच फोटो पुन्हा लावलाय, आरशासारखा उलटा करून, गळ आता उजव्या कोपऱ्यात.

तेव्हा खोका उघडताना कॅमेरा सुरू ठेवा, पावतीच्या वजनापासून. परीक्षेसाठी एकच काच बळी द्या, तिचाही फक्त कोपरा. सौदा करण्याआधी विक्रेत्याकडून नक्षीची काच कापतानाचा व्हिडिओ मागा, त्यात तुम्ही त्या क्षणी सांगाल तो आकार कापायला लावा. खरा छंदी माणूस हसत कापून दाखवतो. आगाऊ ४० म्हणणाऱ्याला आधी एक काच, एक रीळ विकायला सांगा, पूर्ण भावाने का होईना.

आणि ते ४०/६० सोल्डर टाकून देऊ नका, सुधारता येतं. १०० ग्रॅमला ५० ग्रॅम शुद्ध कथील घातलं की १५० ग्रॅममध्ये ९० कथील होतं, म्हणजे ६०/४०. मोकळ्या हवेत, स्वयंपाकाला कधीच न लागणाऱ्या लोखंडी भांड्यात वितळवा, वरचा राखाडी मळ काढा, कांड्या ओता. भांडं आणि पळी पूर्ण कोरडी हवी, पाण्याचा थेंबही धातू उडवतो. हाती आलेल्या २,०८० ग्रॅमला १,०४० ग्रॅम कथील लागेल. आणि दोन्हींत महाग धातू कथीलच.