ठासणीच्या दोन बंदुका, स्वस्त आणि महाग: एका हंगामानंतरचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यात जांबोटी-कणकुंबीकडे भातशेती करायची म्हणजे रानडुकरं आणि गव्यांशी गाठ ठरलेलीच. पीक संरक्षणाच्या परवान्यावर माझ्याकडे ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासून भरायच्या, दोन बंदुका आहेत. (शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच ठेवता येतात.) एक जुनी, स्वस्तातली. दुसरी नवी, तिच्या तिप्पट किमतीची. रोपलावणीपासून सुगीपर्यंत दोन्ही आलटून पालटून वापरल्या. शेतात बहुतेक बार नुसत्या दारूचे, आवाजासाठी. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी, त्याच्यावर नेम धरण्याचा प्रश्नच नाही.

नेम बघायला मातीच्या उंच बांधासमोर पुठ्ठा लावला, ५० पावलांवर. महागडीच्या गोळ्या वीतभर जागेत लागल्या, स्वस्तातलीच्या थोड्या जास्त पसरल्या. तिप्पट किमतीचा फरक म्हणावा असं काही नाही. दोघींच्या नळ्या आतून गुळगुळीत, आटे नाहीत, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत नाही. मग पैसे ओतून नेम किती सुधारणार? खरा फरक पडला गोळीभोवतीच्या चिंधीने. पातळ चिंधी घातली की बाजूने धूर निसटतो आणि दोन्ही बंदुका सारख्याच भरकटतात. जाडसर मांजरपाट घातल्यावर स्वस्तातलीही सुधारली.

पण हे नळी स्वच्छ असेपर्यंतच. काही बारांनंतर जुनीच्या खरबरीत नळीत काजळी धरते आणि गोळी अर्ध्यात अडकते. तशी उडवली तर नळी फुटू शकते, कारण गोळी आणि दारू यांच्यात मोकळी जागा राहते. म्हणून गोळी दारूवर नीट टेकली की गज नळीच्या तोंडाशी जिथे येतो तिथे खूण करून ठेवा: खूण तोंडाशी आली नाही तर केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) लावायची नाही.

पैसे वसूल होतात ते धुताना. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळून घनरूपातच उरतो, त्यात पोटॅशियमचे क्षार. ते हवेतलं पाणी ओढतात, आणि आमच्याकडे पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय असतं तरी काय! त्याच रात्री धुतली नाही तर सकाळी तांबूस थर. रॉकेलने हे क्षार विरघळत नाहीत, लोक उगाच घासत बसतात. गरम साबणाचं पाणी, मग साधं गरम पाणी, कोरड्या चिंध्या, शेवटी तेल. खोबरेल नको, डिसेंबरात थिजतं.

महागडीचं निपल (केप बसते ती छोटी नळी) चावीसरशी निघतं, बाजूचा स्क्रू काढला की पाणी आरपार जातं. चहा उकळेपर्यंत काम आटोपतं. जुनीचं निपल गंजून बसलंय, बुडातला गाळ गजाच्या टोकाने खरवडावा लागतो आणि शेवटची चिंधी कधी पांढरी निघतच नाही. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली की हीच जास्त काळजी लावते, कारण मधे तेलाचा हात फिरवता येत नाही.

घेताना दुकानदाराला निपल काढून दाखवायला सांगा. टाळाटाळ केली तर किंमत कितीही उतरवू दे, दुसरी बघा.