एच अँड एमचा सुती शर्ट: कापड चोख, शब्द मात्र बाजार पाहून

एच अँड एम या स्वीडिश कंपनीचा पांढरा सुती शर्ट मी ऑनलाइन मागवला आणि गेला पूर्ण उन्हाळा वापरला. वैशाखात पारा 44-45 अंशांपर्यंत चढणाऱ्या जळगाव जिल्ह्यात शर्टाचा खरा कस लागतो आणि त्याला हा शर्ट पुरेपूर उतरला. कापड पातळ असूनही आरपार दिसत नाही, घाम लगेच टिपला जातो आणि इतक्या धुण्यांनंतरही कॉलर ताठ राहिली आहे. माप थोडे ढगळ असल्याने अंगाबरोबर बसणारा शर्ट आवडणाऱ्यांनी एक माप लहान घ्यावे. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या कापूस पिकत आला आहे, त्यामुळे कापड हाती आले की ते अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहण्याची सवय आहे. सूत एकसारखे लागते, मध्येच जाड धागा किंवा गुठळी जाणवत नाही. म्हणजे रुई स्वच्छ आणि तिचा धागा लांब असणार. दीड हजार रुपयांच्या आतल्या शर्टाकडून याहून अधिक अपेक्षा करणे रास्त नाही.

मात्र ही कंपनी शर्टाबरोबर आपली मूल्येही ग्राहकापुढे ठेवते, त्यामुळे त्यांचेही परीक्षण व्हायला हवे. 2020 पासून आपला सर्व कापूस सेंद्रिय, पुनर्वापरातला किंवा अधिक जबाबदारीने मिळवलेला असल्याचे ती सांगते. 2019 पासून तिच्या संकेतस्थळावर कपड्याच्या पानावरच तो कोणत्या देशात, कोणत्या पुरवठादाराच्या कोणत्या कारखान्यात तयार झाला याची माहिती मिळते. हे मोठे पाऊल आहे आणि त्याचे श्रेय कंपनीला द्यायलाच हवे. माझा शर्ट बांगलादेशात शिवलेला आहे, हे मला तिथेच कळले. त्यासाठीचा कापूस कोणत्या देशातल्या शेतात वेचला गेला, हे मात्र त्या पानावर नाही. कापूस जबाबदारीने पिकवल्याचे प्रमाणित करणाऱ्या ज्या ‘बेटर कॉटन’ योजनेचा आधार अशा कंपन्या घेतात, तिच्यात अनेक वर्षे फक्त वजनाचा हिशेब जुळवला जात असे: जितका प्रमाणित कापूस साखळीत आला, तितक्याच वजनाच्या मालावर दावा करता येई, मग प्रत्यक्ष त्या शर्टात तो असो वा नसो. कापसाचा मूळ देश शोधता येईल अशी व्यवस्था या योजनेने 2023 च्या अखेरीस सुरू केली.

कापूस कुठला, हा प्रश्न किती महागात पडू शकतो, हे याच कंपनीने अनुभवले आहे. जगातला सुमारे पाचवा हिस्सा कापूस चीनच्या शिनजियांग प्रांतात पिकतो. तिथल्या उइघुर मुस्लिमांकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे आरोप पुढे आल्यावर 2020 मध्ये एच अँड एमने निवेदन काढून तीव्र चिंता व्यक्त केली आणि त्या प्रांतातून माल घेत नसल्याचे सांगितले. चीन सरकार हे आरोप फेटाळत आले आहे. मार्च 2021 मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटनेने ते जुने निवेदन समाजमाध्यमावर उकरून काढले आणि शिनजियांगच्या कापसाला नावे ठेवणाऱ्यांनी चीनमध्ये पैसा कमावण्याची आशा धरू नये, असे बजावले. त्यानंतर काही तासांतच अलीबाबासह तिथल्या मोठ्या खरेदी-संकेतस्थळांवरून कंपनीचा माल गायब झाला आणि नकाशांच्या ॲपवर तिची दुकानेही सापडेनाशी झाली. चीन ही तिची चौथ्या क्रमांकाची बाजारपेठ होती आणि तिथे तिची सुमारे 500 दुकाने होती.

31 मार्च 2021 रोजी कंपनीने नवे निवेदन काढले. चीनशी असलेली आपली बांधिलकी दृढ असून तिथल्या ग्राहकांचा विश्वास परत मिळवायचा आहे, असे त्यात होते. शिनजियांग हा शब्द मात्र त्यात कुठेही नव्हता आणि उइघुरांचा उल्लेखही नव्हता. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की कंपनीने गुडघे टेकून शिनजियांगचा कापूस पुन्हा घेण्याची घोषणा केली नाही. त्याच आठवड्यात ह्युगो बॉस या जर्मन कपडे कंपनीच्या चिनी समाजमाध्यम खात्यावर शिनजियांगचा कापूस घेत राहणार असे लिहिले गेले आणि ते आपण मंजूर केले नव्हते, असा खुलासा त्या कंपनीला नंतर करावा लागला. जपानी ‘मुजी’ने तर चीनमध्ये शिनजियांगचा कापूस हे आपल्या मालाचे वैशिष्ट्य म्हणून मिरवले. या दोघांच्या मानाने एच अँड एम बरी, पण बाजार हातचा जाताना दिसताच तिने मौन धरले, हे माझ्या नजरेतून सुटत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये तिचे दुकान अलीबाबाच्या संकेतस्थळावर पुन्हा सुरू झाले.

हे सारे दूरच्या देशातले असले, तरी कापूस उत्पादकाला ते परके वाटत नाही. या शर्टासाठी सरकी आणि धाग्यातली तूट धरून पाऊण किलोच्या आसपास कापूस लागला असेल. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये आहे, म्हणजे शर्टातल्या कापसाचे 60 ते 65 रुपये होतात. त्यातूनच बियाणे, खते, फवारणी आणि वेचणीची मजुरी भागवायची असते. वेचणीला येणाऱ्या बायांची बोटे बोंडांच्या टोकदार कडांनी सोलून निघतात आणि कापसाला सुकी पत्ती चिकटू नये म्हणून त्यांना एकेक बोंड जपून मोकळे करावे लागते. इथे त्या मजुरीसाठी आणि स्वखुशीने येतात. दर पटला नाही तर दुसऱ्या दिवशी येत नाहीत. हे स्वातंत्र्य ज्यांना नाही, त्यांच्याविषयी कंपनीने एकदा तोंड उघडले होते. पुढे त्या बोलण्याची किंमत मोजायची वेळ आली, तेव्हा ते शब्द गुंडाळून ठेवले गेले. उद्या आमच्या शिवारातल्या मजुरांविषयी ती काही बोलली, तर ते कितपत टिकेल, असा प्रश्न मला पडतो.

कापड आणि शिलाईसाठी मी पाचपैकी साडेचार तारे देतो, कारखान्यांच्या माहितीसाठी चार आणि कंपनीच्या शब्दासाठी दोन. शिनजियांगविषयीचे 2020 चे निवेदन तिने पुन्हा ठळकपणे मांडले आणि कपड्याच्या पानावर कारखान्याच्या नावाखाली कापसाचा देशही लिहिला, तर या दोनाचे चार करायला मी आनंदाने तयार आहे.