मूव्हबँक: बहिरी ससाण्याचा प्रवास नकाशावर

स्थलांतराविषयी खरी ओढ असणाऱ्या प्रत्येक पक्षिनिरीक्षकाने जर्मनीतील माक्स प्लांक प्राणिवर्तन संस्थेतून चालवले जाणारे मूव्हबँक हे प्राण्यांचे प्रवासमार्ग नकाशावर दाखवणारे विनामूल्य संकेतस्थळ वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पायात नुसती कडी घातलेला बहिरी ससाणा पुन्हा पकडला गेला, मृत सापडला किंवा कडीवरील क्रमांक कोणी दुरून वाचला, तरच त्याची बातमी कळते. उपग्रह-टॅग, म्हणजे पक्ष्याच्या अंगावर बसवलेले आणि त्याचे ठिकाण उपग्रहामार्फत कळवणारे छोटे यंत्र, मात्र मधला मार्ग, मुक्काम आणि वळणे दाखवतो. याच पद्धतीने आर्क्टिक युरेशियातील सहा प्रजननस्थळांवरच्या 56 ससाण्यांचा माग काढणारा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या उत्तरेकडील पट्ट्यातले काही ससाणे हिवाळ्यात भारतात, आपल्या महाराष्ट्रातही येतात, त्यामुळे हे नकाशे मला परके वाटत नाहीत.

पहिल्या वर्षाच्या पिल्लांचे मार्ग विशेष लक्षपूर्वक पाहावेत, कारण आईवडिलांच्या सोबतीविना निघालेल्या या पक्ष्यांतले बरेचसे वर्षभरही जगत नाहीत, आणि नकाशावरची एखादी रेषा मध्येच थांबते तेव्हा पक्षी मेला की टॅग बंद पडला, हे केवळ रेषेवरून ठरवता येत नाही. नवख्याला इंग्रजी मांडणी अवघड जाईल. शिवाय माहितीची मालकी संशोधकांकडेच राहत असल्याने अनेक प्रकल्पांतले पक्ष्यांच्या ठिकाणांचे बिंदू परवानगीशिवाय उतरवून घेता येत नाहीत. अशा बिंदूंवरून घरटी शोधून पिल्ले चोरली जाण्याचा धोका लक्षात घेता हे बंधन मला पूर्णपणे योग्य वाटते.