जुळे सोलापुरातला बॉक्सिंग क्लास, सहा महिन्यांनंतर

पुतण्याला जानेवारीत इथं घातलं, सहा महिने झाले म्हणून लिहितोय. पत्र्याचं शेड आहे, एप्रिल-मेमध्ये आत उभं राहवत नाही, बॅगा चार आणि पोरं वीस, आम्हाला अशोक चौकातून लांबही पडतं. तरी दुसरीकडं घालणार नाही. कारण इथले सर.

आधी एका ठिकाणी जात होता, तिथं दोन महिन्यांत स्पर्धेत उतरवला, वजन बसवायचं म्हणून दोन दिवस नीट जेवू दिलं नाही आणि हाताला पट्टी न बांधता बॅग मारून मारून मनगट सुजलं पोराचं. आठवीतलं पोरगं हो! इथं पहिले पंधरा दिवस ग्लोव्हजच दिले नाहीत, नुसत्या दोरीच्या उड्या आणि पाय, पुढं मागं बाजूला, वैतागला तो. मग पट्टी बांधायला शिकवली. सर आजही बॅगेवर सोडायच्या आधी एकेकाचं मनगट दाबून बघतात.

शनिवारी लॅपटॉपवर जुन्या फाइट लावतात, मीपण बसतो. तिथं आपला बॉक्सर अखिल कुमार नव्यानं कळला. बीजिंग २००८ म्हटलं की सगळ्यांना विजेंदरचं ब्राँझ आठवतं, आठवायलाच पाहिजे, पण त्याच ऑलिंपिकमध्ये ५४ किलो वजनगटात अखिलनं रशियाच्या वोदोप्यानोवला बाहेर काढलं, २००७ चा वर्ल्ड चॅम्पियन होता तो. ९-९ बरोबरी आणि टायब्रेकवर अखिल. हात खाली सोडून उभा राहायचा, समोरच्याला तोंड दाखवायचा, ठोसा आला की मान बाजूला आणि लगेच काउंटर, म्हणजे उलटा ठोसा. माझ्या मते त्या टीममधला सगळ्यात देखणा बॉक्सर तोच. पुढच्याच फाइटला मोल्दोव्हाच्या गोजानकडून १०-३ नं हरला, ती जिंकला असता तर ब्राँझ पक्कं होतं. एका फाइटसाठी लोक त्याला विसरले, याचं खरंच वाईट वाटतं.

सर म्हणतात त्याचा खेळ सगळा पायावर आणि नजरेवर, त्यामुळं शरीर सांभाळणं आणि वेळेवर फाइट मिळणं दोन्ही पाहिजे होतं. २००६ ला मेलबर्नमध्ये कॉमनवेल्थ गोल्ड मारलेला माणूस, त्याला मनगटाच्या दुखापतीनं छळलं, आणि प्रो, म्हणजे पैसे घेऊन लढणारा व्यावसायिक बॉक्सर, झाला तो २०१७ ला, छत्तिसाव्या वर्षी. मुंबईतली ती फाइट जिंकलाही. पण विशी-पंचविशीत त्याच्या पाठीशी चांगला प्रमोटर, कमी पण नेमक्या फाइट आणि हाताला आराम असता तर? आपल्याकडं तेव्हा प्रोची फारशी सोयच नव्हती, त्याचा काय दोष.

पुतण्या आता हात खाली सोडून नाचायला बघतो. सरांनी सांगितलंय, एक वर्ष गार्ड वर, मग बोलू. स्पर्धेचंही तेच, घाई नाही.

फी महिन्याच्या महिन्याला, वर्षाचे पैसे एकदम मागत नाहीत. पट्टी आणि माउथगार्ड स्वतःचं न्या, आणि घालायच्या आधी एखाद्या शनिवारी संध्याकाळी जाऊन बसा.