स्कूटरवर धुळीचा अख्खा मोसम: सर्जिकल, एन९५ आणि एफएफपी२ मास्क

दिवाळीनंतर घेतले, आता पावसाळा तोंडावर आलाय. रोजचा रस्ता कासारवडवली ते महापे: घोडबंदर रोडला मेट्रोचं काम, मग कळवा, विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रोडवर डंपरच्या मागे मागे.

तीन पदरी सर्जिकल मास्कचा मधला मेल्टब्लोन (वितळलेल्या प्लास्टिकच्या अतिबारीक तंतूंचा) पदर बारीक कणही बऱ्यापैकी अडवतो. पण गालांपाशी दोन्ही बाजूंनी तो उघडाच. घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा. कापडी मास्कबद्दल बोलायलाच नको.

एन९५ म्हणजे बारीक चाळणी नव्हे. तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो, कण त्याकडे ओढले जातात. मोठे कण तंतूंवर आदळतात, अतिसूक्ष्म कण सैरभैर भटकत तंतूंना चिकटतात. निसटतात ते मधले, साधारण ०.३ मायक्रॉनचे. चाचणीही मुद्दाम त्याच आकाराच्या आसपास घेतात आणि तिथे किमान ९५ टक्के अडले पाहिजेत. युरोपच्या एफएफपी२ला ९४, एफएफपी१ला ८०, एफएफपी३ला ९९. आपल्याकडच्या आयएस ९४७३ या भारतीय मानकातही हेच तीन वर्ग आहेत, पाकिटावर मानकाचा हा क्रमांक बघून घ्या. ९४ की ९५ यावर दुकानात वाद घालण्यात अर्थ नाही.

खरा फरक पट्ट्यांनी पडला. कानात अडकवायचा एन९५ हनुवटीपाशी सैल राहायचा आणि चष्म्यावर वाफ धरायची. वाफ धरली की समजायचं, नाकाजवळून हवा गळतेय. डोक्यामागून दोन पट्टे येणारा एफएफपी२ घट्ट बसतो. हेल्मेटखाली पट्टा टोचतो, केस ओढले जातात, पण रुमाल स्वच्छ. दाढीवाल्यांनो, तुम्हाला मात्र कुठलाच नीट बसणार नाही.

व्हॉल्व्हवाला उन्हाळ्यात सुखाचा. फक्त उच्छ्वास न गाळता बाहेर जातो, त्यामुळे सर्दी-खोकला असताना ऑफिसात तो नको.

धुवायचा मोह आवरा. साबणाने किंवा स्पिरिटने विद्युतभार जातो, मास्क दिसायला मात्र नवा कोराच. श्वास जड लागला किंवा पट्टा ढिला पडला की मी टाकून देतो. खर्च वाढतो, इलाज नाही.

आणि रात्री एमआयडीसीतून जाताना केमिकलचा वास आलाच, तर मास्क खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडू नका. हे मास्क कण अडवतात, वायू नाही.