मुदत संपलेलं सीसीएनए पुन्हा काढताना: परीक्षा घरून द्यावी की नागपूरला जावं?

सिस्को या नेटवर्किंग कंपनीचं सीसीएनए हे नेटवर्किंगचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. मुदतीत ३० कंटिन्युइंग एज्युकेशन क्रेडिट (पुढच्या शिक्षणाचे गुण) जमवले, तर ते पुढच्या तीन वर्षांसाठी नवं होतं. तारीख उलटली की हा रस्ता बंद. मग २००-३०१ ही परीक्षा पहिल्यापासून द्यायची: १२० मिनिटं, ३०० डॉलर आणि वर कर. जुन्या प्रमाणपत्राची कसलीही सवलत नाही.

परीक्षा पिअर्सन व्ह्यू ही कंपनी घेते, केंद्रावर किंवा ‘ऑनव्ह्यू’मधून घरी. ऑनव्ह्यूची मांडणी चांगली आहे. वेळेच्या अर्धा तास आधी चेक-इन सुरू होतं; चेहरा, ओळखपत्र आणि खोलीच्या चारही बाजूंचे फोटो द्यायचे. आपल्याकडे गाडी अडते ती नावात. ओळखपत्रावर मध्ये वडिलांचं नाव आणि खात्यात नुसतं नाव-आडनाव, असा फरक असेल तर तो नोंदणीआधीच दुरुस्त करा. सिस्टीम टेस्टही (लॅपटॉप आणि नेटची चाचणी) ज्या खोलीत, ज्या नेटवर बसणार तिथेच करा, ऑफिसात नाही.

तरीही गावातून ऑनव्ह्यू घ्या, असं आम्ही सांगणार नाही. लाइन गेली तर इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि राउटर चालतील, पण पलीकडच्या टॉवरची किंवा फायबरच्या डब्याची बॅटरी आपल्या हातात नसते. मे महिन्यात कूलर लावला तर त्याची घरघर, बंद ठेवला तर त्या खोलीत दोन तास बसवत नाही. रोवणीच्या दिवसांत पत्र्यावर पाऊस वाजतो. दार लोटून कुणी आत आलं तर परीक्षा तिथेच रद्द होऊ शकते, आणि ज्या घरात दिवसभर माणसांची ये-जा असते तिथे हे सांभाळणं कठीण.

केंद्राचा खरा फायदा वेगळाच आहे: हाताने लिहायला पुसता येणारी पाटी आणि मार्कर मिळतो. घरी कागद-पेन चालत नाही, माउसने स्क्रीनवरच्या फळ्यावर लिहावं लागतं. १९२.१६८.१०.७७/२६ हा पत्ता कोणत्या नेटवर्कचा, असा प्रश्न आला की ६४-६४ चे गट पाडून पाटीवर ०, ६४, १२८, १९२ लिहिलं की झालं: ७७ चं नेटवर्क ६४ पासून, ब्रॉडकास्ट म्हणजे त्याचा शेवटचा पत्ता १२७. माउसने हेच काम रेंगाळतं, आणि या परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्यांनी आदल्या रात्री नागपुरात मुक्काम करावा. तो खर्च सार्थकी लागतो.

जुन्या वह्यांवर विसंबू नका. फेब्रुवारी २०२० आधीची परीक्षा दिलेल्यांचं ईआयजीआरपी (राउटिंगचा एक प्रोटोकॉल) गेलं, वायरलेस वाढलं, ऑटोमेशन आलं. २०२४ पासूनच्या १.१ आवृत्तीत पपेट आणि शेफ ही ऑटोमेशनची साधनं नाहीत. टेराफॉर्म हे ऑटोमेशनचं साधन, रूट गार्ड आणि लूप गार्ड ही स्विचची संरक्षणं आणि एआयची तोंडओळख आहे. सगळ्यात जास्त, २५ टक्के वजन आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे राउटिंग टेबल आणि एका एरियाचं ओएसपीएफ (हाही राउटिंगचा प्रोटोकॉल). लॅबचे प्रश्न येतात, म्हणून फुकट मिळणाऱ्या पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सराव-सॉफ्टवेअरवर व्हीएलएएन (स्विचमधले वेगळे गट), ट्रंक (ते गट पुढे नेणारी जोडणी) आणि एसीएल (कोणाला जाऊ द्यायचं याची यादी) यांच्या कमांड रोज हाताने टाइप करा. तीन वर्षांनी डोक्यात संकल्पना टिकतात, बोटं मात्र कमांड विसरतात.

नापास झाल्यास पाच दिवस थांबून पुन्हा पूर्ण फी भरावी लागते. अतिवृष्टीचा इशारा आला, एसटी बंद पडायची चिन्हं दिसली, तर २४ तास आधीच तारीख बदलून घ्या. त्यानंतर बदल होत नाही आणि फी जाते.