सातारा कोर्टातला मोफत कायदेशीर सल्ला, आमचा अनुभव

एका खासगी वकिलानं "वीस वर्षं झाली ताई, विसरा आता" म्हणून परत पाठवलेलं, त्यामुळं बहीण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात यायलाच तयार नव्हती. बायकांना आणि लहान मुलांना उत्पन्न न बघता तिथं वकील फुकट मिळतो, हे मला पण विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनला फोन केल्यावर कळलं.

ती ११ वर्षांची होती, २००३ साल, एका धार्मिक संस्थेच्या वसतिगृहात, आणि तिथल्या महाराजांनी तिच्या अंगाला नको तिथं हात लावला, एकदा नाही, वर्षभर. आईनं तेव्हाच एका विश्वस्तांना सांगितलेलं, ते म्हणाले आम्ही बघतो, आणि पंधरा दिवसांत महाराज दुसऱ्या शाखेत, तिथंही पोरं होतीच.

प्राधिकरणातल्या वकील मॅडमनी आधी दार लावून घेतलं, मग दीड तास नुसतं ऐकलं. खोटी आशा लावली नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासूनचा, मागच्या गुन्ह्याला लागत नाही. तेव्हाच्या दंड संहितेतल्या विनयभंगाच्या कलम ३५४ ला शिक्षा जास्तीत जास्त २ वर्षं म्हणून तक्रारीची मुदत ३ वर्षं, उशिराचं कारण पटलं तर कोर्ट ती वाढवू शकतं पण वाढवेलच असं नाही. भरपाईचा दावा तर १८ पूर्ण झाल्यावर फार तर ३ वर्षांत. ज्या पोरीकडं आईला सांगायलाही धड शब्द नव्हते तिनं एकविसाव्या वर्षाच्या आत कोर्ट गाठायचं, हे मला पटलेलं नाही आणि कधी पटणार पण नाही.

मग त्यांनी विचारलं, महाराजांना पगार कोण द्यायचं? कारण ऑस्ट्रेलियात २०२४ ला सर्वोच्च कोर्टानं पाद्री हा नोकर नव्हता म्हणून १९७१ च्या अशाच प्रकरणात धर्मप्रांतावर, म्हणजे चर्चच्या तिथल्या विभागावर, जबाबदारी टाकली नाही. पण आईनं सांगितल्यावर संस्थेनं काय केलं, हा संस्थेचा स्वतःचा निष्काळजीपणा, तो मुद्दा वेगळा, म्हणाल्या. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा, म्हणजे संस्थेच्या नोंदीचा, उतारा काढा, त्या वर्षीचे विश्वस्त कोण ते त्यात निघेल.

आईनं ट्रंकेत जपलेली वसतिगृहाची फी पावती बहिणीनं पुढं केली, संस्थेचा जांभळा शिक्का अजून वाचता येतो. मॅडमनी झेरॉक्स ठेवून घेतली आणि मूळ पावती प्लास्टिकच्या फोल्डरमधे घालून तिच्या हातात परत दिली.